विश्लेषण : प्लेगच्या पेशंटला पाठीवरून आणणाऱ्या सावित्रीबाई… आणि आजच्या नर्सला कायदा काय देतो?

१० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचं पुण्यात प्लेगने निधन झालं. त्या ६६ वर्षांच्या होत्या. त्याच्या जेमतेम पाच आठवडे आधी, ४ फेब्रुवारीला, ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा मंजूर केला होता. करोनाकाळात आपल्या मोबाइलवर जिल्हाबंदी, संचारबंदी, होम क्वारंटाइनचे जे आदेश येऊन पडत होते, त्यांच्या पहिल्या परिच्छेदात ज्याचा उल्लेख असायचा, तोच हा १८९७ चा कायदा.

शाळेच्या पुस्तकातल्या सावित्रीबाई आपल्याला पाठ आहेत. भिडेवाडा, अंगावर फेकलेलं शेण, सोबत नेलेलं दुसरं लुगडं. शेवटचं काम मात्र एका ओळीत संपतं : प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना मृत्यू. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना जे शिकवलं जातं, म्हणजे गुप्तता, संमती, भेदभाव न करणं, स्वतःची सुरक्षा, त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट या बाईंच्या आयुष्यात कधी ना कधी समोर आली आहे. काही ठिकाणी त्या काळाच्या खूप पुढे होत्या. एका ठिकाणी काळानेच त्यांना काही दिलं नाही.

प्लेग पुण्यात पोहोचला कसा?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचे पहिले रुग्ण सापडले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. मांडवी म्हणजे गोदी, धान्याची गोदामं, उंदीर आणि दाटीवाटीच्या चाळी. बातमी पसरली तशी मुंबई रिकामी होऊ लागली. लोक गावी निघाले, आणि गावी जायचा मुख्य रस्ता होता रेल्वे.

ठाकुर्लीवरून रोज जाणाऱ्यांना हा नकाशा वेगळा सांगायला नको. मुंबईहून निघालेला रूळ ठाणे, डोंबिवली, ठाकुर्ली करत कल्याणला येतो आणि तिथे त्याला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडून नाशिकला, दुसरा कर्जतवरून भोर घाट चढून पुण्याला. रेल्वे कल्याणपर्यंत १८५४ मध्येच आली होती, घाट १८६३ मध्ये खुला झाला. जी लाइन व्यापारासाठी टाकली, तिच्यावरून तीस-पस्तीस वर्षांनी आजारही गेला. म्हणूनच नव्या कायद्यात रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळं ठेवण्याचा अधिकार सरकारने नाव घेऊन लिहून घेतला.

शाळेच्या आधी, शाळेच्या नंतर

थोडक्यात आयुष्य सांगू, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावला जन्म. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० मध्ये जोतीराव फुल्यांशी लग्न. लग्नानंतर घरीच शिक्षण, मग अहमदनगर आणि पुण्यात शिक्षकाचं प्रशिक्षण. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात फुल्यांच्या शैक्षणिक कामाचा सरकारी सत्कार. १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह.

नर्सिंगच्या अंगाने बघायचं तर खरी गोष्ट १८६३ पासून सुरू होते.

३५ बाळंतपणं आणि वाचलेली ५ मुलं

१८६३ मध्ये पुण्यात एक खटला गाजला. काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. तिला फसवून दिवस गेले, पुरुषाने हात वर केले, तिने बाळ मारलं. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. त्या पुरुषाला काही झालं नाही.

फुले दाम्पत्याने यानंतर आपल्या घराच्या आवारातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. विधवांनी इथे येऊन गुपचूप, सुरक्षित बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं ते त्यांनी ठरवावं, अशी ती व्यवस्था. शहरात भिंतींवर तशा जाहिराती लावल्या गेल्या. बाळंतपणं, ओली बाळंतीण, तान्ही मुलं हा सगळा भार सावित्रीबाईंवर होता. त्या जागी आज गंज पेठेत समता भूमी हे स्मारक आहे.

जोतीरावांनी १८८४ मध्ये सरकारला दिलेल्या टिपणात या घराचा हिशेब दिला आहे. तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या. त्यातली ५ मुलं जगली, ३० गेली. कारणही त्यांनी लिहिलं आहे : गर्भ लपवण्यासाठी, पाडण्यासाठी या बायांनी आधीच घेतलेली विषारी औषधं.

हा आकडा पहिल्यांदा वाचला की धक्का बसतो. इतकी मुलं गेली म्हणजे काळजीत हयगय झाली असं कुणालाही वाटेल. पण आजच्या भाषेत बघा. पेशंट उशिरा आली, कारण आधी यायची भीती होती. भीती होती, कारण नाव बाहेर फुटण्याची खात्री होती. मधल्या काळात तिने कुणाच्या तरी सांगण्यावरून काहीतरी पोटात घेतलं. वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला हा क्रम ओळखीचा वाटेल. पेशंटचा विश्वास बसत नाही तोवर ती खरी हिस्ट्री सांगत नाही, आणि हिस्ट्री कळत नाही तोवर उपचार अंधारात होतात. गुप्तता हा नर्सिंगमधला शिष्टाचाराचा भाग नाही, तो उपचाराचा भाग आहे, हे या एका हिशेबातून जितकं कळतं तितकं पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येतून कळत नाही.

फुल्यांनी आपला हिशेब लपवला नाही, हीसुद्धा नोंद घ्यायची गोष्ट. ३० मृत्यू कारणासहित सरकारी टिपणात लिहिणं म्हणजे आजच्या डेथ ऑडिटचंच काम झालं. त्यात एकाही बाईला दोषी ठरवलेलं नाही.

आज कायदा काय म्हणतो? गर्भपात कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने कलम ५-अ आलं. गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव किंवा तपशील, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ नुसार रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय त्याची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही, अपवाद कायद्यातच मोजून दिले आहेत. नर्सचं व्यावसायिक आचारसंहितेचं बंधन याच्याही पुढचं आहे. केस पेपरचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं, लिफ्टमध्ये पेशंटबद्दल बोलणं, ओळखीतल्या शेजारणीला अमक्याची सून अॅडमिट आहे म्हणून सांगणं, हे सगळं त्यात येतं. डोंबिवली-ठाकुर्लीत निम्मी सोसायटी एकाच नर्सिंग होमला जाते. इथे नाव फुटायला भिंतीवर जाहिरात लागत नाही.

१८७४ मध्ये याच घरात काशीबाई नावाच्याच दुसऱ्या एका विधवेने मुलाला जन्म दिला. फुल्यांनी तो दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. गोष्टीत तो परत येणार आहे.

कायदा दाखवून वाचवलेले दोन जीव

सावित्रीबाईंनी माहेराहून आणि दौऱ्यावरून जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत. १८६८ च्या पत्रात एक प्रसंग आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य जातीतली एक मुलगी. मुलीला दिवस गेलेले. गावाने दोघांना पकडलं, मारत मारत नेत होते, शेवट मारूनच होणार होता. सावित्रीबाई मध्ये पडल्या. त्यांनी जमावाला दया शिकवली नाही. इंग्रज सरकारच्या कायद्याने खुनाचे परिणाम काय होतात ते सांगितलं. जमाव नरमला, दोघांनी गाव सोडायचं असं ठरलं आणि सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे पुण्याला पाठवलं.

रुग्णाच्या वतीने उभं राहणं ही नर्सची जबाबदारी मानली जाते. नातेवाईक, डॉक्टर, पोलीस, कुणाच्याही समोर. त्यासाठी धीर लागतो हे खरं, पण नुसत्या धीराने भागत नाही, कलम माहीत असावं लागतं. या प्रसंगात सावित्रीबाईंकडे दोन्ही होतं.

१८७६-७७ च्या दुष्काळात त्या जुन्नर भागात फिरत होत्या. ओतूरहून एप्रिल १८७७ मध्ये लिहिलेल्या पत्रात माणसं आणि जनावरं कशी मरत आहेत, सावकार काय करत आहेत आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांना अटक झाल्यावर त्या स्वतः कलेक्टरांकडे कशा गेल्या, हे आहे. सत्यशोधक समाजाने त्या काळात अन्नछत्रं चालवली. उपासमारीतून साथी येतात, त्यामुळे हे कामही आरोग्याचंच होतं.

घरातला पेशंट

चरित्रांमध्ये फार न सांगितला जाणारा एक काळ आहे. १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले उपचार करत होते. जोतीरावांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक डाव्या हाताने लिहून पूर्ण केलं, हे आपण कौतुकाने सांगतो. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. मधली दोन-अडीच वर्षं घरात अर्धांगाचा पेशंट होता आणि त्याचं सगळं करणारी बायको साठीकडे झुकलेली होती, हे त्या कौतुकात राहून जातं. कूस बदलणं, भरवणं, अंग पुसणं, औषधाच्या वेळा. पैशांचीही ओढाताण होती.

आपल्या भागात हे काम आता बहुतेक घरांत ब्युरोतून आलेली बाई करते. इथे एक कायदेशीर मुद्दा सांगायलाच हवा, कारण गोंधळ फार आहे. पांढरा किंवा निळा युनिफॉर्म घातला म्हणून कुणी नर्स होत नाही. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते, राज्याचा कायदा १९६६ चा आहे. ब्युरोची अटेंडंट पेशंटला उठवू-बसवू शकते, स्वच्छता ठेवू शकते, जेवण देऊ शकते. सलाइन लावणं, इंजेक्शन देणं, कॅथेटर बदलणं हे तिचं काम नाही, आणि घरच्यांनी शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन ते तिच्याकडून करून घेणं हे तिच्यासाठी आणि पेशंटसाठीही धोक्याचं आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही. खरी सिस्टर तो लगेच सांगते.

मग सावित्रीबाई नर्स होत्या का? आजच्या अर्थाने नाही. त्यांनी नर्सिंगचं शिक्षण घेतलं नव्हतं. लंडनमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलची शाळा १८६० मध्ये सुरू झाली होती. पुण्यात मराठी बायकांना, त्यातही विधवांना, नर्सिंगकडे वळवायचं काम पुढे रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या मदतीने केलं. सेवासदनाची स्थापनाच १९०९ ची. म्हणजे सावित्रीबाई गेल्यावर बारा वर्षांनी. त्यांच्या हयातीत परक्या माणसाचं अंग पुसणं हे चांगल्या घरातल्या बाईचं काम मानलंच जात नव्हतं.

जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी हातात धरलं, अग्नीही त्यांनीच दिला. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. त्यानंतर चार वर्षांत प्लेग आला.

१८९७ चा कायदा : अधिकार कुणाला, संरक्षण कुणाला?

हा कायदा वाचायला दोन मिनिटं लागतात. मुळात चारच कलमं. सरकारला साथ रोखण्यासाठी हवे ते नियम करायचा अधिकार. रेल्वे प्रवाशांची तपासणी, संशयितांना रुग्णालयात किंवा छावणीत वेगळं ठेवणं. आदेश मोडला तर शिक्षा. आणि शेवटचं कलम : कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही.

यात पेशंटची संमती नाही. घरच्यांना माहिती द्यायची सक्ती नाही. सेवा करणाऱ्याला साधनं कोण देणार, तो आजारी पडला तर काय, याबद्दल एक शब्द नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तपासणी करणारा अधिकारी होता, पेशंटला पाणी पाजणारा माणूस नव्हता.

पुण्यात याचा परिणाम काय झाला हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच मार्च महिन्यात रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकडून घरझडत्या सुरू केल्या. लोक पेशंट लपवू लागले. बायकांच्या तपासणीवरून संताप पसरला. पंडिता रमाबाईंनीही आपल्याकडच्या एका मुलीला मिळालेल्या वागणुकीबद्दल वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली. टिळकांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल काढायला पुढाकार घेतला. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली.

साथनियंत्रणाच्या अंगाने एवढंच बघायचं की जबरदस्तीमुळे पेशंट पुढे यायचे थांबले. बालहत्या प्रतिबंधक गृहात जे घडलं होतं त्याची ही मोठी आवृत्ती. तिथे भीती समाजाची होती, इथे सरकारची.

आजचा नियम साधा आहे. शुद्धीवर असलेली, समजून उमजून निर्णय घेऊ शकणारी प्रौढ व्यक्ती उपचाराला हो म्हणू शकते आणि नाहीही म्हणू शकते. ऑपरेशनची माहिती देणं ही डॉक्टरची जबाबदारी असते. फॉर्मवर नर्सची सही असते ती साक्षीदार म्हणून. पेशंटला काही कळलेलंच नाही असं तिच्या लक्षात आलं तर सही घेणं थांबवून डॉक्टरांना परत बोलावणं, हे तिचं काम. रात्री दोन वाजता, ओटी तयार असताना, हे करणं किती अवघड असतं हे वेगळं सांगायची गरज नाही.

ससाणे मळा

डॉ. यशवंत तेव्हा लष्करात नोकरीला होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावाबाहेर, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू झाला. जागा विचार करून निवडलेली दिसते. मोकळी, वस्तीपासून लांब. डॉक्टर मुलगा उपचार करणार आणि आई पेशंट आणणार, अशी कामाची वाटणी झाली.

मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीत गायकवाड कुटुंबातल्या एका लहान मुलाला प्लेग झाल्याचं त्यांना कळलं. त्या तिथे गेल्या आणि मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, असं चरित्रकार सांगतात. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली.

सहासष्टाव्या वर्षी, तापाने फणफणलेलं मूल पाठीवर घेऊन, मार्चच्या उन्हात मुंढवा ते हडपसर. त्या मुलाला दुसरं कुणी हात लावलं असतं का, हा प्रश्न तेव्हा दोन कारणांनी होता : एक प्लेग, दुसरं जात. पेशंटची जात, धर्म, पैसा न बघता सेवा, ही ओळ आज जगभरच्या नर्सिंग आचारसंहितेत आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने ती संहिता १९५३ मध्ये स्वीकारली.

त्यांच्याकडून सुरक्षेची चूक झाली का?

हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण नर्सिंगच्या विद्यार्थ्याने तो विचारायलाच हवा.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिनने शोधला होता. हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला मुंबईत स्वतःला टोचून घेतली होती. पण उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे पॉल-लुई सिमोंने कराचीत १८९८ मध्ये दाखवलं आणि त्यावर विश्वास बसायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे मार्च १८९७ मध्ये प्लेगपासून स्वतःला नेमकं कसं वाचवायचं, हे पुण्यात काय, जगात कुणालाही नीट ठाऊक नव्हतं. मुलाच्या कपड्यांत किंवा घोंगडीत पिसवा असू शकतात आणि ते काढून, वेगळे करून मग उचलावं, हे सांगणारं कुणी नव्हतं. प्रतिजैविकं यायला अजून अर्धं शतक होतं. भारतात या साथीने पुढच्या काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसं नेली.

तेव्हा चूक म्हणता येणार नाही. पण आज एखाद्या नर्सने तसंच केलं तर ती चूकच धरली जाईल, आणि धरायलाही हवी. आधी हात धुणं, मग मास्क, ग्लोव्हज, गाऊन, मग पेशंट. प्लेगच्या रुग्णाच्या जवळ आलेल्याला आता डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिबंधक गोळी दिली जाते. सुरतेत १९९४ मध्ये प्लेगची बातमी फुटली तेव्हा टेट्रासायक्लिन मेडिकलमधून दिसेनासं झालं होतं. घाबरून पळालेल्या लोकांमध्ये डॉक्टरही होते, तशी टीका तेव्हा झाली होती.

आपल्याकडे सावित्रीबाईंचं उदाहरण देऊन नर्सला त्याग शिकवायची सवय आहे. १२ मेला परिचारिका दिनाच्या भाषणांत तर हमखास. हा उपयोग मला पटत नाही. सावित्रीबाईंना मास्क मिळत असताना त्यांनी नाकारला नव्हता. ज्या व्यवस्थापनाने ग्लोव्हज मोजून द्यायचे, त्याने समर्पणावर बोलू नये. इंजिनीअरिंगमध्ये सुरक्षेचा पहिला नियम असा शिकवतात की धोका आधी यंत्रणेतून काढा, माणसाच्या अंगावर ढाल चढवणं हा शेवटचा उपाय. रुग्णालयालाही तो तितकाच लागू आहे.

रोजचा धोका आता प्लेगचा नाही, सुईचा आहे. इंजेक्शन दिल्यावर सुईला दोन हातांनी टोपण लावायचं नाही. वापरलेली सुई पांढऱ्या, न फाटणाऱ्या डब्यात. रक्ताने माखलेला बोळा पिवळ्या पिशवीत. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ मध्ये हे रंग ठरले आहेत. सुई टोचलीच तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची, लगेच वरिष्ठांना सांगून लेखी नोंद करायची. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागतात. एचआयव्ही कायद्याच्या कलम १९ नुसार सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण आणि ही औषधं देणं संस्थेवर बंधनकारक आहे. ओरडा बसेल म्हणून टोचल्याचं लपवणाऱ्या नव्या मुलींनी ही एक ओळ तरी लक्षात ठेवावी.

१२३ वर्षांनी केलेली दुरुस्ती

साथरोग कायद्यात सेवा करणाऱ्याचा उल्लेख यायला २०२० साल उजाडावं लागलं. करोनात डॉक्टर-नर्सवर हल्ले होऊ लागले, त्यांना घरमालक घरं सोडायला सांगू लागले, तेव्हा २२ एप्रिल २०२० ला अध्यादेश निघाला आणि सप्टेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. आरोग्यसेवकावर हिंसा केल्यास तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. गंभीर इजा केल्यास सहा महिने ते सात वर्षं आणि १ ते ५ लाख. राहत्या जागेत येऊ न देणं, त्रास देणं हेही हिंसेच्या व्याख्येत आलं.

त्याच दिवसांत आपल्याकडे काय चाललं होतं तेही आठवून बघा. मे २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने आदेश काढला की मुंबईत कामाला जाणाऱ्या अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांनी रोज ये-जा करू नये, राहायची सोय मुंबईतच करून घ्यावी. शहरातल्या रुग्णांमध्ये मुंबईला जाणाऱ्यांचं प्रमाण मोठं होतं, हे त्यामागचं कारण. यात मुंबईच्या रुग्णालयांतल्या नर्सही आल्या. टीका झाली आणि आदेश मागे घ्यावा लागला. साथ रोखायची म्हणून रेल्वेने येणाऱ्याला अडवायचं, हा १८९७ चाच विचार होता. अडवलेला माणूस पेशंटकडूनच येतोय, एवढाच फरक.

२०२० च्या दुरुस्तीत एक मेख आहे. ती फक्त साथीच्या काळात लागू होते. एरवीसाठी महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. डॉक्टर, नर्स, नर्सिंगचे विद्यार्थी, वॉर्डबॉय यांच्यावर हल्ला किंवा रुग्णालयाची तोडफोड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. नुकसानीच्या दुप्पट भरपाईही द्यावी लागते.

उलट बाजूही कमी माणसांना माहीत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचारादरम्यान असं घडल्यास ही मर्यादा दोन वर्षांची ठेवली आहे. या सवलतीच्या व्याख्येत नर्स नाही. म्हणून डॉक्टरांनी फोनवरून सांगितलेलं औषध वेळ टाकून लगेच लिहून ठेवणं आणि नंतर त्यावर डॉक्टरांची सही घेणं, देण्याआधी पेशंटचं नाव, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ पडताळणं, या गोष्टी पेशंटसाठी जितक्या, तितक्याच नर्सच्या स्वतःसाठीही आहेत. चौकशी होते तेव्हा समोर असतो तो केस पेपर. दिलेलं पण न लिहिलेलं औषध तिथे न दिल्यासारखंच असतं.